पाहुण्याचा मासा

"घ्या बाई, हा शेवटचा. ह्यो नापास झाला तर मिशी उतरवीन," असं म्हणून केरबानानांनी ओल्या पोत्यावर शिंगटा ठेवला.

मिशा नानांनाही होत्या आणि शिंगट्यालाही. त्यातल्या त्यात शिंगट्याच्या जास्त ऐटदार, हे मी नानांना कधीच सांगून टाकलं होतं. हा मासा नदीच्या तळाशी राहतो, चिखलातलं खातो. नदीत काही विषारी मिसळत असेल तर ते त्याच्या अंगात सापडतं. दर महिन्याला असे चारपाच मासे घ्यायचे, मोजायचे, वजन करायचं, बर्फाच्या डब्यात घालून एस.टी.नं कोल्हापूरला न्यायचे आणि प्रयोगशाळेत त्यांच्या मांसातला पारा मोजायचा, हे माझं काम. साल सत्त्याऐंशी, मी पंचवीस वर्षांची. नदीचं नाव मुद्दामच सांगत नाही. ती बिचारी आता बरीच सुधारली आहे, जुनं उकरून तिला कशाला लाजवा.

"मागचं समदं पास न्हवं?" नानांनी विचारलं. दर महिन्याला विचारायचे.

"सगळे पास. तेरा महिन्यांचे तेरा वेळा."

नानांनी हसून वस्तीकडे पाहिलं. भोईवस्ती म्हणजे नदीकाठची वीसबावीस घरं. तिच्यासमोरच रसायनांच्या एका कारखान्याचा नाला नदीला मिळत असे. नाल्यामुळे मासा बिघडला अशी आवई उठली आणि शहरातल्या व्यापाऱ्यानं वस्तीचा मासा उचलणं थांबवलं. मासा खाण्याजोगा आहे, असं माझ्या अहवालात आलं की व्यापारी परत येईल, हे वस्तीनं धरून ठेवलं होतं. आणि मला त्याच अहवालावर पीएच.डी. मिळायची होती. दोघांचंही नशीब शिंगट्याच्या मिशीला बांधलेलं.

एक गोष्ट मात्र माझे मार्गदर्शक मेस्त्री सर यांच्या घशाखाली उतरत नव्हती. "पाण्यात पारा आहे, गाळात पारा आहे, आणि गाळ खाणाऱ्या माशात नाही? असं कसं?" ते विचारायचे. मी त्यावर अठरा पानांचं प्रकरण लिहिलं होतं. कारणं शोधण्यात मी फार हुशार होते.

"आता काम संपलं म्हंजी तुमी काय परत येत न्हाई," नाना म्हणाले. "आज घरला जेवून जायाचं. म्हातारीनं सकाळधरनं वाटाण वाटलंय."

मी नाही म्हटलं नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. पहिल्या महिन्यात तानूबाईंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, आग्रह करकरून ताटात मासा वाढला तेव्हा मी डोळे मिटून घास घेतला होता. दुसऱ्या महिन्यापासून डोळे उघडे ठेवले. चौथ्या महिन्यापासून मी एस.टी.त बसल्यापासून त्या रश्श्याची वाट पाहत असे. आईला हे शेवटपर्यंत कळलं नाही. माशांवर संशोधन करते म्हणून कौतुकानं चारचौघांत सांगायची. मी ते संशोधन भाकरीत कुस्करून खाते हे तिला कुठून ठाऊक असणार!

नानांचं घर म्हणजे पत्र्याची दोन दालनं. मुलगा दत्तू इचलकरंजीला मागावर होता, पंधरा दिवसांनी यायचा. घरात म्हातारा, म्हातारी आणि सून शेवंता. शेवंताला पाचवा महिना होता. तिला माहेर असं उरलं नव्हतं, त्यामुळे तानूबाई तिची सासू आणि आई दोन्ही होत्या. दोन्ही भूमिकांत तिला ओरडायच्या.

मला पाटावर बसवलं. ताटात शिंगट्याचा रस्सा, ज्वारीची भाकरी, कांदा. मी जेवत होते, तानूबाई वाढत होत्या, नाना उंबऱ्यात बसून विडी ओढत माझ्याकडे समाधानानं बघत होते. शेवंता चुलीमागं पाठ करून बसली होती. तीही जेवत होती, पण दुसऱ्या पातेल्यातून.

तुकडे संपले तरी माझी भाकरी उरली होती. "तानूबाई, त्या पातेल्यातला एक तुकडा द्या की," मी म्हटलं.

"त्यो नगं. ह्येच्यातला रस्सा घ्या."

"का? मला तिखट चालतं."

"तिखटाचं न्हाई. त्यो आमचा हाय."

आता चौदा महिन्यांची ओळख. मी हक्कानं उठले आणि शेवंताच्या पातेल्यात डोकावले. शिंगटाच होता, पण आमटीवर वेगळाच वास तरंगत होता. घासलेटाचा म्हणावा तसा, पण अगदी तोही नाही. हा वास मला ठाऊक होता. नाल्याचा गाळ बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत नेला की दोन दिवस हाताला हाच वास यायचा.

"हा मासा कुठला?" मी विचारलं.

"हितलाच. नाल्याच्या तोंडाचा," तानूबाई म्हणाल्या. "वास मारतोय म्हणून बाजारात कुनी घेत न्हाई. मग टाकायचा व्हय? घरात खपतो. पोटुशी बाई हाय, दूध कुठनं आनू मी? मासा तर मासा."

"आणि माझ्या ताटातला?"

"त्यो मळईच्या डोहातला. गोड पान्याचा."

मळईचा डोह बंधाऱ्याच्या वर, तीन मैलांवर. कारखान्याच्या कितीतरी आधी. तिथलं पाणी नितळ. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"नाना," मी उंबऱ्याकडे वळून विचारलं, "मला तपासायला देत होता, ते मासे कुठले?"

"मळईचंच की!" नाना अभिमानानं म्हणाले. "चौदा म्हैने. पहिल्या कोंबड्याला उठून जायाचो. तितं मासा लई थोडा. एकेकदा चार दिस हेलपाटं घातल्यात तुमच्यापाई."

"मी तुम्हांला नाल्याखालचे मागितले होते!"

"मागितलं व्हतं. पर पाव्हण्याला वासाचा मासा द्यावा व्हय, बाई? आन परीक्षा म्हनल्यावर? पोरगं परीक्षेला जाताना आपन त्येला नवं कापडं घालतो का फाटकं?"

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी औषधालासुद्धा नव्हती, आणि त्यामुळेच माझा पारा चढला. मी उष्ट्या हातानं ओरडले. तुम्ही मला फसवलंत, माझी दोन वर्षं पाण्यात घातलीत, असं वाटेल ते बोलले. तानूबाई पळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. नानांनी विडी विझवली. शेवंतानं आपलं पातेलं पदराआड सरकवलं, जणू चूक तिच्या जेवणाची होती.

आज कबूल करते, चूक माझी होती. मासा पकडताना मी समोर असायला हवं होतं. पण मासे पहाटे पकडायचे आणि माझी एस.टी. दहाला यायची. वस्तीवर मुक्काम करायला कोण जातं? म्हणून मी घाटावर मासा ताब्यात घ्यायची आणि वहीत 'स्थळ: नाल्याखाली, माझ्यासमक्ष' असं लिहून खाली सही करायची. चौदा वेळा मी ती सही केली होती. नानांनी तर माझ्यापासून काहीच लपवलं नव्हतं. मी विचारलं असतं तर त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं.

हात धुऊन मी बाहेर आले. नाना काहिलीपाशी उभे होते. गूळ आटवायची जुनी लोखंडी काहील, तीच त्यांची होडी.

"बसा," ते म्हणाले.

भर दुपारी त्यांनी मला नाल्याच्या तोंडाशी नेलं. पाण्यावर तांबूस साय धरलेली. नानांनी जाळं फेकलं, पहिल्याच ओढीत तीन शिंगटे आले. एकाच्या पाठीवर गाठ होती. मी ते पिशवीत घातले आणि पहिल्यांदाच खरं लिहिलं. काठावर उतरताना नानांनी विचारलं, "शेवंता ह्येच खातीया. तिला काय हुईल?"

"तपासल्याशिवाय सांगता येत नाही," मी म्हटलं. खरं तर सांगता येत होतं.

आठवड्यानं आकडे आले. पारा मर्यादेच्या चौपट.

मेस्त्री सर चिडतील, हाकलून देतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ते अठरा पानांचं प्रकरण बंबात घाल." मग बराच वेळ वही चाळत बसले. "स्वच्छ पाण्यातले चौदा महिन्यांचे मासे तुझ्याकडे आहेत. ते वाया गेले नाहीत. त्यांच्याशीच तुलना करायची. नाल्याचे अजून आणू, दोन महिने मी स्वतः येतो. पण तुझ्या वहीत तर नाल्याखालचे मासे स्वच्छ म्हणून तुझी सही आहे. उद्या कारखानेवाले तेच आपल्या तोंडावर मारतील. ज्यानं मासे पकडले त्यानं लेखी दिलं पाहिजे, की ते मळईचे होते. साक्षीदारासह. नाही दिलं, तर वही फेकायची आणि तू पहिल्यापासून सुरुवात करायची."

मला वाटलं, त्यात काय, नाना देतील. दुसऱ्या दिवशी गेले. आकडा सांगितला, कागद वाचून दाखवला. नानांनी नकारार्थी मान हलवली.

"बाई, हे माझ्याच्यानं हुयाचं न्हाई."

"का? खरंच तर आहे."

"खरं हाय म्हणूनच." त्यांनी आवाज खाली आणला. "मळईचा डोह वरगावच्या भोयांचा. आमचं पानी बंधाऱ्याच्या खाली. दुसऱ्याच्या पान्यात जाळं टाकलं म्हंजी चोरी. आमच्यात त्याच्याहून वंगाळ काम न्हाई, बाई. जातीत पंच म्हणून बसतोय मी. गेल्या सालात एकाला ह्येच्यासाठी भर सभेत खाली मान घालाय लावली. आन आता मीच लिवून देऊ, चौदा म्हैने चोरी केली म्हणून?"

माझ्या आतिथ्यासाठी हा माणूस पहाटेच्या अंधारात चोरी करायला जात होता, आणि मी दहाच्या गाडीनं येऊन त्याला 'मासा जरा लहान आहे' म्हणून चिडवत होते. मला इतकी लाज वाटली की कागदाची घडी घालून पिशवीत टाकली.

"आन दुसरं," नाना म्हणाले, "हितला मासा इखारी हाय असं मीच म्हनलं, तर येपारी कायमचा गेला. वस्ती मला जितं सोडंल?"

"राहू दे नाना. मी पुन्हा पहिल्यापासून करते. दोन वर्षं लागतील, इतकंच."

"दोन वर्सं," तानूबाई आतून म्हणाल्या. त्या सगळं ऐकत होत्या. बाहेर येऊन माझ्यासमोरच बसल्या. "बाई, एक सांगा. पोटातल्याला बी लागतं का त्ये?"

"लागतं," मी म्हटलं. "आईपेक्षा जास्त लागतं."

"म्हंजी दोन वर्सं वस्तीतल्या समद्या बायका ह्येच खानार."

मी मान हलवली. तानूबाई नवऱ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता भांडण होणार. पण त्या अगदी हळू बोलल्या. "तुमी जातीत मान खाली घाला. मी बी तुमच्या शेजारी घालीन. दोघं मिळून घालू."

नाना उठले. मग त्यांनी दोन शेजाऱ्यांना हाक मारली. त्यांच्यासमोर, दारात, उभं राहून सांगितलं. कुठल्या महिन्यात डोहाच्या कुठल्या बाजूला जाळं टाकलं, किती मासे आले, त्या दिवशी वारं कसं होतं, चौदाही वेळचं. एकही वेळ चुकले नाहीत. माझ्या वहीपेक्षा त्यांची आठवण नेटकी होती. सांगून झाल्यावर अंगठा पुढे केला. मी शाई लावू लागले. "नीट लावा," ते म्हणाले, "पुन्यांदा लावाय सांगू नगा."

शेजाऱ्यांनीही साक्षीचे अंगठे दिले आणि चकार शब्द न काढता निघून गेले. त्यांतला एक नानांचा सख्खा चुलतभाऊ होता.

पुढं जे व्हायचं ते झालं. अहवाल गेला, त्या टप्प्यातला मासा विकायला बंदी आली. वरगावची सभा बसली, नानांनी सगळ्यांदेखत मान खाली घातली, आणि तानूबाई खरोखरच शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. बाईमाणूस त्या सभेत उभी राहिल्याची ती पहिलीच वेळ, असं नंतर मला दत्तूनं सांगितलं. वस्तीनं सहा महिने नानांशी बोलणं टाकलं. कारखान्यानं नाल्याचं पाणी शुद्ध करून सोडायला सहा वर्षं लावली. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, पुढं कितीतरी नद्या मी पाहिल्या, विमानानं गेले, मोठ्या हॉटेलांत भले मोठे मासे खाल्ले. निवृत्त होऊनही आता चार वर्षं झाली. नाना गेले, तानूबाई गेल्या. पण कुणी 'तुमच्या संशोधनातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस कोणता' असं विचारलं, की लोकांना वाटतं मी कुठल्यातरी परिषदेचं नाव सांगेन. मला आठवतो त्या वर्षीचा मे महिन्यातला एक दिवस.

अहवालाची प्रत द्यायला मी वस्तीवर गेले होते. घाटावर कुणी रामराम केला नाही. नानांच्या दारात पोचले तेव्हा जेवायची वेळ झाली होती आणि घरातून रश्श्याचा वास येत होता, स्वच्छ, वाटणाचा, ओळखीचा. खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

तानूबाईंनी पाट मांडला, ताट ठेवलं. ताटात भाकरी, कांदा आणि पिठलं.

मी वर पाहिलं. शेवंता या खेपेला चुलीमागं नव्हती. घराच्या मधोमध, भिंतीला पाठ टेकून, दिवस भरत आलेलं पोट सांभाळत बसली होती. तिच्या पुढ्यात रश्श्याची वाटी होती आणि वाटीत माशाचे दोन तुकडे.

नाना उंबऱ्यात होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"वरगावच्यांच्या हातापाया पडलो," ते म्हणाले. "जाळं न्हाई म्हनले. एक गळ टाकाय दिलाय मळईला, सून बाळंत हुईस्तवर. कवा गावतो, कवा न्हाई. आज एकच गावला, वीतभर." मग म्हणाले, "तुमी येनार ठावं न्हवतं, बाई. पर ठावं असतं तरी..."

साठ वर्षांत त्या घरात पाहुण्याच्या ताटात घरच्यापेक्षा उणं कधी पडलं नसेल. मी पिठल्यात भाकरी बुडवून खायला लागले. तीन भाकरी खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिखटाचं आहे असं सांगायची सोय होती.

शेवंताला मात्र घास जाईना. तिनं वाटीतला एक तुकडा उचलला आणि माझ्या ताटाकडे हात पुढं केला. तानूबाईंनी तिचा हात वाटेतच धरला आणि परत वाटीकडे वळवला.

"खा गुमान," त्या म्हणाल्या. "त्या पाव्हण्या हायत."